पाकिटात रिसीव्हर नसेल तर

१४ ऑक्टोबर २०२५, मंगळवार
एगैला, कुवेत, दुकानाचा माळा

प्रिय काशिफभाई,

सलाम. बानूचाचीला माझा सलाम सांग, आणि सुयोगने गुडघ्याचं विचारलंय म्हणून सांग. मी बरा आहे.

तू गेल्यापासून पाच महिन्यांत एवढंच लिहून चार कागद फाडले. एकदा तर ‘मी बरा आहे’पर्यंतसुद्धा पोचलो नाही. गावाला जाणारं कोणी निघालं की आपल्या रूमचा सर्फराज विचारायचा, काशिफला काही द्यायचंय का, आणि मी म्हणायचो, पुढच्या वेळी. आता तो स्वतःच परवा सुट्टीवर निघालाय. आज सकाळी तोंडात ब्रश धरून म्हणाला, “या वेळी नाय दिलंस तर परत विचारणार नाय. बॅगेत एका पाकिटाची जागा ठेवलीय. बाकी सगळे साबण न् बदाम.” म्हणून आज बसलोय. दुकान एक ते चार बंद, मुदीर मॅनेजरगिरी सोडून घरी जेवून झोपतो, आणि मी वर माळ्यावर तुझ्या स्टुलावर.

फोन का नाही केलास, असं म्हणशील. केला. तीनदा केला. तीनही वेळा तू उचललास, आणि मी पावसाचं विचारून ठेवला. तिसऱ्या वेळी तर तू म्हणालास, “अरे, इथे पाऊस संपून आठवडा झाला.” व्हॉट्सॲपवर लिहिलं तर ते खोडता येतं, हीच त्याची घाण आहे. कागदावर तू मध्ये बोलत नाहीस आणि मला खोडता आलं तरी दिसतं.

रूमची हालत ऐक. जलीबमध्ये तू होतास तेव्हा आपण सात होतो, आता नऊ आहोत. फ्रिजमध्ये कोणाचे तरी सोडे उघडे, त्याला लागून कोणाचं तरी डोळ्यांचं औषध, त्याला लागून माझं दही. एसीचं पाणी बादलीत पडतं, ती बादली भरली की ओतायची पाळी कोणाची यावर रोज भांडण, आणि मग ती सांडते. त्या पाण्यावर काल कोणीतरी वर्तमानपत्र अंथरलं. नुसतं अंथरलं, उचललं नाही. सकाळी पाय टाकला तर बातम्या तळव्याला चिकटल्या. मला इथल्या प्रत्येक वस्तूची शिसारी यायला लागलीय. धुळीची, टॉवेलच्या वासाची, बकाल्यात किराण्याबरोबर मिळणाऱ्या त्या एकाच चवीच्या पावाची. सुरतेत असताना असंच झालं होतं आणि मी गोव्याला पळालो. गोव्यात झालं तेव्हा इकडे आलो. आई म्हणायचीच, याच्या पायाला भिंगरी आहे. पण या वेळी पाय हलत नाहीत. कुठे जाऊ, असं नाही. गेलो तरी ही शिसारी बरोबर येणार, कारण ती फ्रिजची नाही.

असो. हे लिहायला नव्हतो बसलो.

दुकानात धंदा बरा आहे. गेल्या गुरुवारी आपलंच एक कुटुंब आलं, पुण्याचं. बाप, आई आणि दहा-अकरा वर्षांची मुलगी. रिमोटवर उडणारं विमान होतं, हातातला ट्रान्समीटर होता, फक्त विमानात बसवायचा रिसीव्हर हवा होता. बाप मला विचारतो, “यात ब्लूटूथ आहे का?” मुलगी काचेवर बोट ठेवून, “पप्पा, धिस वन इज सो क्यूट.” तो नखाएवढा, निळा, घरातल्या घरात उडवायच्या थर्माकोलच्या विमानांसाठीचा. त्यांचं विमान दीड मीटर पंखांचं, बाहेर वाळवंटात उडवायचं. आई म्हणाली, “हलका आहे ना? मग हाच द्या.” मी तोंड उघडणार तेवढ्यात मुदीर मागून, “व्हेरी गुड चॉइस, मॅडम.” आणि मी काय केलं? पिशवीत भरला. वर त्या मुलीला एक स्टिकर दिला.

तू असतास तर त्या बापाला दहा मिनिटं उभं केलं असतंस. मला आठवतं, मी आलो त्या पहिल्या आठवड्यात तू मला सहा रिसीव्हर टेबलावर मांडून म्हणालास, “यातला एक तुझ्या बहिणीला दे. स्थळ समज.” मला वाटलं चेष्टा करतोयस. मी सगळ्यात महाग दिसणारा उचलला. तू म्हणालास, “याची भाषाच वेगळी. ट्रान्समीटर एका कंपनीचा, हा दुसरीचा. आयुष्यभर एकमेकांशी बोलणार नाहीत.” मग मी दुसरा उचलला. “याला एकच शेपटी. विमान वळलं आणि शेपटी झाकली गेली की बहिरा. दोन अँटेना बघ, एक आडवी लावायची, एक उभी.” असं करत करत पाच बाद झाले. सहावा राहिला, तर मी विचारलं, म्हणजे हा चांगला? तू म्हणालास, “अजून एक विचार. चॅनेल किती, लांब किती, वजन किती, हे सगळे विचारतात. सिग्नल गेल्यावर हा वागणार कसा, हे कोणी विचारत नाही.”

नववीत शाळा सोडल्यापासून कोणी मला इतका वेळ देऊन काही शिकवलं नव्हतं. हे तुला कधी सांगितलं नाही. तसं बरंच काही सांगितलेलं नाही.

मांजर अजून येतं. मागच्या दाराशी ते एका कानाचं. तू गेल्यावर आठवडाभर स्टुलाखाली येऊन बसायचं, मला बघायचं आणि निघून जायचं. आता माझ्या हातून ट्यूना खातं. हलकट आहे.

शुक्रवारी वफ्राला गेलो होतो. विमान उडवायला नाही. त्या पट्टीवर मी एप्रिलनंतर पाय ठेवलेला नाही. शत्रुघ्नला भेटायला गेलो. राजापूरचा, ग्रीनहाऊसमधला तो. तुला त्याचा चेहरा विसरता येणार नाही, हे माहीत आहे. कानामागचे टाके आता दिसत नाहीत, केस वाढवलेत त्याने. त्या बाजूने थोडं कमी ऐकू येतं म्हणतो, पण हसत म्हणतो. “मुकादमाची बाजू तीच आहे, बरं झालं.” मला दोन किलो टोमॅटो दिले. मग म्हणाला, “काशिफभाई दवाखान्यात दोन दिवस माझ्या उशाशी बसून होता. स्वतःच्या हाताने पेज भरवली. तू कुठं होतास रे?”

मी म्हटलं, दुकानात काम होतं.

काम काय होतं, तेच लिहायला बसलोय. आता दोन वाजून गेले. चहा करून येतो.

चहा झाला.

तो शुक्रवार तुला पाठ असेल, तरी मी माझ्या बाजूने लिहितो, कारण माझ्या बाजूने तुला तो माहीतच नाही.

आपलं म्हातारं गिऱ्हाईक बू सालेम, त्याचं ते मोठं विमान. तू त्याच्यासाठी मुदीरशी भांडलास. मुदीर म्हणत होता, शेल्फवर आहे तोच रिसीव्हर घाल. तू म्हणालास, याला घालणार नाही, बाहेरून मागवा. महिनाभर थांबून तो आठ चॅनेलचा, दोन अँटेनांचा मागवलास. मुदीर तेव्हापासून दात धरून होता. बू सालेम मात्र खूश. म्हातारा रोज फोन करायचा, आला का, आला का.

त्या सकाळी दुकान खास त्याच्यासाठी उघडलं होतं. रिसीव्हर तू स्वतः बसवलास, अँटेना चिकटवल्यास. जुम्म्याची वेळ झाली. जाताना तू मला तीन कामं सांगितलीस. एक, ट्रान्समीटरशी जोडणी कर, आणि करताना थ्रॉटलची, मोटरच्या वेगाची काठी पूर्ण खाली, कारण जोडताना काठी जिथे असेल तीच जागा रिसीव्हर लक्षात ठेवतो, सिग्नल गेला की मोटर तिथे नेतो. दोन, ट्रान्समीटरची ताकद कमी करून तीस पावलं चालत जा, पंख हलतात का बघ. तीन, पंखा काढून ठेव, मोटर चालू कर, ट्रान्समीटर बंद कर, मोटर थांबली पाहिजे. मग तुझी ती चिठ्ठी. प्रत्येक विमानाच्या झाकणाच्या आत तू चिकटवायचास, तीन चौकोन, तीन खुणा, खाली तुझी सही. इतर दुकानवाले हसायचे. म्हणायचे, काशिफ विमानाचा निकाहनामा करतो.

तू गेलास. मी जोडणीचं बटण दाबलं, दिवा लुकलुकायला लागला, आणि माझा फोन वाजला. मस्कतचा तो जुना दोस्त, बोटीवर जागा आहे म्हणत होता. तुला माहीत आहे मी कसा आहे. कुठे जागा आहे म्हटलं की माझे कान उभे. फोन मानेत धरला, ट्रान्समीटर पोटाशी धरला. बोलत बोलत दुकानातून दारापर्यंत आणि परत. दिवा कधी स्थिर झाला ते पाहिलं नाही. त्या काठीला स्प्रिंग नसते, ढकलली की तिथेच राहते. माझ्या पोटाने ती ढकलली होती. अर्ध्याहून वर.

मग तू येताना दिसलास. काचेतून, टोपी खिशात घालत. मी फोन ठेवला, काठी खाली ओढली आणि पेन घेऊन तीन चौकोनांत तीन खुणा केल्या. तीस पावलं एक पाऊलही चाललो नाही. तू आत आलास आणि विचारलंस, “तिन्ही केलंस?”

मी म्हटलं, हो.

तू माझ्या खुणांवर सही केलीस. परत तपासलं नाहीस. तोपर्यंत तू कोणाच्या खुणेवर न बघता सही केली नव्हतीस, फक्त माझ्या.

पुढचं आपण दोघांनी बरोबर पाहिलं. बू सालेमने हौसेने विमान लांब नेलं, खाली आणलं, पत्र्याच्या शेड्सच्या मागे. तिथे कुठलाही रिसीव्हर बहिरा झाला असता, तू निवडलेला असो की जगातला सगळ्यात भारी. मोटर बंद पडायची होती आणि विमान वाळूत घसरून थांबायचं होतं. काय फुटलं असतं, तर पंख. पण रिसीव्हरला मी सांगून ठेवलं होतं की सिग्नल गेला तर तसाच सुसाट जा. ते गेलं. ग्रीनहाऊसचं प्लास्टिक फाडत आत गेलं, आणि शत्रुघ्न टोमॅटोच्या दोऱ्या बांधत वाकला होता.

वाकला होता म्हणून कानावर निभावलं.

तू दवाखान्यात होतास तेव्हा मी गोडाऊनमध्ये होतो. मुदीरने मोडलेलं विमान तिथे आणून टाकलं होतं. रिसीव्हर धड होता. मी त्याला बॅटरी लावली, एक छोटी मोटर लावली, ती जिची काडी हलते, आणि ट्रान्समीटर चालू करून काठी खाली ठेवली. मग ट्रान्समीटर बंद केला. काडी आपोआप उठली आणि अर्ध्याच्या वर जाऊन उभी राहिली. पाच-सहा वेळा केलं. दर वेळी तिथेच. बोट दाखवल्यासारखी.

शनिवारची दुपार होती ती. तुझं गावी जायचं विमान पुढच्या शुक्रवारचं. मधे सहा दिवस होते, काशिफभाई. सहा दिवस तू माझ्यासमोर जेवलास. मुदीरने ती चिठ्ठी समोर धरून म्हटलं, सही तुझी, रिसीव्हर तुझ्या हट्टाचा, आणि बू सालेम म्हणतो याला काढा नाहीतर तक्रार करतो. तुझा राहण्याचा परवाना, इकामा, रद्द करायला कंपनीची सरकारी कामं करणारा मंदूब कागद घेऊन आला. तू सही करताना एवढंच म्हणालास, “माझी निवड चुकली असेल.” मी बाजूला उभा होतो. मला तोंड होतं. त्या दिवशी त्याच तोंडाने मी मंदूबला चहा हवा का विचारलं.

आणि विमानतळावर तुझी बॅग उचलून आलो. तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास. “मन लावून शीक. नुसतं लेबल बघून रिसीव्हर निवडू नको. मी फसलो, तू फसू नको.” मी म्हटलं, हो भाई. आणि परतीच्या बसमध्ये मला पहिलं काय वाटलं सांगू? सुटलो. हे वाटलं. खोडत नाही, तेच वाटलं.

दुसऱ्या दिवशी मुदीरने तुझा स्टूल माझ्याकडे सरकवला.

शिकवायला कोणी नव्हतं म्हणून चुकलो, असं म्हणायची सोय तू ठेवली नाहीस. चूक फोनची होती, माझ्या भिंगरीची होती, ती एखाद्या वेळी कोणाकडूनही होते. पण त्या तीन खुणा चूक नव्हती. ते मी बघून, पेनाने, सावकाश केलं.

हे आज का लिहितोय? सर्फराजमुळे. त्याच्या घरून फोन आला होता, त्याने सहज सांगितलं. म्हणे काशिफ बंदरावर जाळ्यांच्या गोदामात हिशेब नसलेलं काहीबाही काम करतो. दुकान टाकायचं म्हणत होता, ते सोडून दिलं. बाजूच्या घरातल्या टीव्हीचा रिमोट बिघडला, बानूचाची म्हणाली बघ जरा, तर म्हणाला, “माझ्या हाताचं खरं नाही.” एवढं ऐकून मी जिन्यावर जाऊन बसलो. तुझे ते हात. सोल्डरिंगची तार नाकाशी धरून बसणारे. माझ्या पोटाने ढकललेली एक काठी, आणि तू तुझ्या हातांना दोष देत बसलायस, तेही पाच महिने, आणि मी इथे पुण्याच्या लोकांना निळे रिसीव्हर विकतोय.

म्हणून सोबत तो रिसीव्हर पाठवतोय. बिस्किटाच्या डब्यात ठेवला होता. मी त्यानंतर त्याला हात लावलेला नाही, जोडणी तशीच आहे. महाडला त्या हौशी मास्तरांकडे याच कंपनीचा ट्रान्समीटर आहे, तू सांगायचास ते, पण तो याला जोडलास तर माझी जागा पुसली जाईल. म्हणून जोडणी करू नकोस, नुसती बॅटरी आणि छोटी मोटर लाव. सिग्नल नसताना काडी अर्ध्याच्या वर जाऊन उभी राहील, आणि नाहीच उठली तर माझ्या पत्रावर विश्वास ठेव. आणि शत्रुघ्नला मी येत्या शुक्रवारी जाऊन सांगणार आहे. मुदीरला सांगायचं म्हणतो, पण इथे लिहितो म्हणजे

काशिफभाई, थांब.

खाली कोणीतरी हॉर्न वाजवतंय. सव्वातीन झालेत, या वेळी कोणी येत नाही. माळ्याच्या खिडकीतून बघून आलो. पांढरी जीप, मागे लांबलचक खोका बांधलेला. बू सालेम आहे. पाच महिन्यांत एकदाही फिरकला नव्हता. पायात साध्या चपला, शटरवर थापा मारतोय आणि तुझं नाव घेतोय. “काशिफ वेन? काशिफ वेन?” म्हणजे तू कुठे आहेस. शेजारचा बकालावाला बाहेर आला, तर त्याला खोका दाखवून सांगतोय, नवं विमान आहे, रिसीव्हर काशिफच निवडेल, मुदीर म्हणाला होता तो सुट्टीवर आहे, अजून आला नाही का?

म्हणजे त्याने तुला काढायला कधी सांगितलंच नव्हतं. तक्रारबिक्रार काही नाही. त्याला माहीतच नाही तू गेलास ते.

मुदीरची गाडी पण वळतेय कोपऱ्यावर. झोपेतून उठून आलाय, म्हाताऱ्याने फोन केला असणार. दोघं एकदमच दारात भेटतील.

पाकिटातून रिसीव्हर परत बाहेर काढलाय. वर लिहिलंय ते तेवढं सोडून दे. तो खाली लागेल, या दोघांसमोर ट्रान्समीटर बंद करून काडी उठलेली दाखवायला. बॅटरी आणि छोटी मोटर खिशात घातलीय. मला आताही मस्कतच्या बोटीची आठवण येतेय, हे तुला कळावं म्हणून लिहितो.

पाकीट बंद करायला मी परत वर येईन, तेव्हा यात एक अक्षरही वाढवणार नाही. तुझ्या हातात पडेल तेव्हा आधी चाचपून बघ. आत नुसता कागद असेल, तर मी बोललो, आणि रिसीव्हर पुरावा म्हणून खालीच राहिला. रिसीव्हर हाताला लागला, तर मी त्या बॅग उचलणाऱ्या सुयोगसारखाच खाली जाऊन चहा विचारून आलोय, आणि मग मला ओळख देऊ नकोस. दोन्हीपैकी काही असो, त्या शेजाऱ्यांचा रिमोट उघड. तुझ्या हाताचं खरं होतं.

शटर उघडायला जातो.

तुझ्या स्टुलावरून उठलेला,
सुयोग